माहेरचा रकाना

मंगळवार, संध्याकाळ. नांदेड.

डोकं नुसतं तापलंय. दवाखान्याच्या पेशंट-नोंदीच्या ओपन सोर्स सिस्टिमसाठी जावा भाषेत पहिलंच मॉड्यूल, म्हणजे माहेरच्या पत्त्याचा जोडभाग, बनवायला घेतलं आणि अख्खा दिवस गेला. बिल्ड होतं, सर्व्हरवर चढतं, पण सुरू होत नाही. का? तर सर्व्हरवरचं सिस्टिमचं व्हर्जन जुनं! आमच्या टीमचे प्रमुख देशमुख सर काल छाती ठोकून सांगत होते, "नवीनच टाकलंय." मी तरी आधी तपासायचं ना?

वर त्यांचंच ऐका. "मॉड्यूल कशाला पाहिजे? पत्त्याचा एक रकाना आहे की!"

एक रकाना! मुखेडच्या नर्स रझियाआपा परवा फोनवर कळवळून सांगत होत्या, "पोरी बाळंतपणाला माहेरी जातात, अन् आम्ही सासरी फोन लावून राहिलो. तपासण्या हुकतात ना, बाई." सरांच्या बायकोचं बाळंतपण काय सासरी झालं होतं?

शेवटी जुन्या व्हर्जनप्रमाणे सगळं बदललं. पाच वाजता मॉड्यूल सुरू झालं. माहेरच्या पत्त्याचा रकाना जोडला आणि चाचणीसाठी पेशंट म्हणून माझंच नाव टाकलं. आठवा महिना, तोही लिहिला. पत्ता आला तसा हात आपोआप चालला: लातूर, सासरचं घर. माहेरचा रकाना रिकामा ठेवून मी सेव्ह दाबलं. सिस्टिमने हूं की चूं केलं नाही.

दोन महिने झाले, मी इथे आईच्या घरी आहे.

दिवसभर सरांच्या नावाने बोटं मोडली. आता कुणाच्या नावाने मोडू?