लांडग्याची जागा

मुक्काम माळावर, तालुका सांगोला
पौष वद्य सप्तमी, शके १८५१

चि. सिद्धनाथ यास आबाचे आशीर्वाद. सोलापूरच्या गिरणीतली तुझी पाळी बदलली का, पोराने बाळसे धरले का, ते कळव. इकडे तुझ्या आईचा खोकला उतरला. दोन मेंढ्या व्याल्या. माझे ठीक आहे. निदान शेजारचा ज्ञानबा काल तसे म्हणाला, पण लांब उभा राहून म्हणाला.

मुद्दा असा की आपल्या माळावर तोलकऱ्यांचा तळ पडला आहे. लहानपणी तू ऐकले असशील, गाव नाही, शेत नाही, रानाचा तोल राखत फिरणारी माणसे. मला त्या गप्पा वाटायच्या. आता पंधरवडा झाला, डोळ्यांसमोर आहेत, आणि मला त्यांचा भरवसा वाटत नाही. भीक मागत नाहीत. दिलेली भाकरी अर्धी मुंग्यांना घालतात. मी रोज सकाळी मेंढरे मोजतो. एकही कमी होत नाही, त्यामुळे जास्तच संशय येतो. पोलीस पाटलाला सांगून आलो. तो म्हणाला, "चोरी झाल्याबिगर काय लिहू? चांगली वागत्यात म्हणून धरू व्हय?"

त्यांच्यातला प्रत्येक जण रानातल्या कुणाच्या तरी जागी चालतो म्हणे. एक बाई तोडलेल्या वडाच्या जागी आहे. ती बसली की साळुंक्या तिच्या खांद्यावर उतरतात. पदरात दाणे लपवलेत का, म्हणून मी जवळ जाऊन पाहिले. नव्हते.

त्यांची म्होरकी शरणम्मा, अक्कलकोटकडची. आल्या दिवशीच तिने मला गाठले.

"आज्जा, ह्या माळावरचं लांडगं कुटं गेलं?"

"मला काय ठावं? गेलं असतील करमाळ्याच्या बाजाराला."

"पिल्लास्नी घिऊन?"

मी मेंढरे हाकायला लागलो.

लांडगे गेल्यापासून हरणे फार माजली. ज्ञानबाचा निम्मा शाळू त्यांनी खाल्ला. आपल्या शाळवाची तर नुसती धाटे उरली. परवा शरणम्माने ओढ्याकाठची घळ उकरली. आत लांडगीण पिलांसकट मरून पडलेली. माती हुंगून ती म्हणाली, "इख घातलंय कुणीतरी."

दिवाळीला तू घरी आला होतास. आपला एडका लांडग्याने नेला, ते तेव्हाच. शहरातून तू आईला लुगडे आणलेस. आणखी काय आणलेस ते मी तेव्हा विचारले नाही, आता विचारत नाही. ओढ्याकडे कशाला गेला होतास, तेही नाही. पत्र कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. वाचून चुलीत घाल.

शरणम्माचे म्हणणे, ज्याने रानातली जागा रिकामी केली त्यानेच ती जन्मभर भरायची. मी म्हटले, "आणि त्यो लांब ऱ्हात असला तर?"

"आमी वढत न्हाय, आज्जा. जागाच वढती. सोलापुरात असला तरी एक दिस हातातलं काम टाकून चालाया लागंल. लेकरू हाक मारंल, त्येला वळकू येनार न्हाय."

सोलापूरचे नाव मी घेतले नव्हते. या बाईला कुणी सांगितले? माझा ज्ञानबावर संशय आहे.

मी म्हटले, "इख मीच घातलं."

ती हसली. "लटकं बोलतोस."

"जागा भरल्याशी तुजं काम. माज्यानं भरती का न्हाय, तेवढं सांग."

ती म्हणाली, "भरती की. जागा नाव इचारत न्हाय. पर मागं फिरता येनार न्हाय, आज्जा."

तिने घळीतली माती माझ्या कपाळाला लावली. एवढेच.

तेव्हापासून आपला मोत्या माझ्यावर गुरगुरतो. मी जवळ गेलो की मेंढरे एका कोपऱ्यात दाटतात. मातीत काही मिसळले असेल म्हणून घोंगडी धुतली, शिकेकाईने अंघोळ केली. फरक नाही. ज्ञानबाच्या बांधावर नुसता उभा राहिलो, तर हरणांचा कळप माळ ओलांडून पळाला. तो गावभर सांगतो, "माज्या गोफणीला भ्याली." सांगू दे. तुझी आई तेवढी जवळ बसते. म्हणते, "लगीन झाल्यापासनं लांडगाच व्हता, लोकांस्नी आता कळलं." मग तोंडात पदर धरते.

तळ उद्या माळशिरसकडे हलतो. मी त्यांच्याबरोबर निघणार. ते खायला काय घालतात कोण जाणे, मी भाकरी बांधून घेतो आहे. मेंढरे ज्ञानबाकडे अर्धलीने, निम्म्या वाट्यावर, दिली. आईला तिकडे ने, पण तू येऊ नकोस, आत्याच्या बाळासोला पाठव. तू माळाच्या बाजूला पाऊलसुद्धा टाकू नकोस. ती जागा तुला विसरली, याची मला अजून खात्री नाही.

कुणी विचारले तर सांग, बाप तापट होता, त्यानेच केले. पुन्हा पुन्हा सांग, म्हणजे तुलाही खरे वाटेल.

पोराच्या डोक्यावरून माझा म्हणून तुझाच हात फिरव. माझ्या हाताला ते आता रडेल.

आबा