सोनतुरे गेले कुठे?

हॅगशॉ,
फेब्रुवारीतला पहिला रविवार

प्रिय विल्फ,

तुला आम्हा नवराबायकोचा, माझा आणि मॅजचा नमस्कार, आणि हे पत्र तुला वाचून दाखवणाऱ्या डोरीन वहिनींना दोन नमस्कार, कारण माझं अक्षर वाचणं हे काही थट्टेचं काम नाही. तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? मोरकमची समुद्राची हवा मानवली का? डोळ्यांचं मागच्या पत्रात कळलं. मधलं सगळं पुसल्यासारखं झालंय आणि कडेकडेचं तेवढं दिसतं, म्हणजे वहिनींचं तोंड दिसत नाही पण कानातले डूल दिसतात, असं तू लिहवलं होतंस. (वहिनी, हे त्याचं वाक्य आहे, माझ्यावर रागावू नका.) त्याच पत्रात तू मला बजावलंस, की यापुढे पक्ष्यांचं नाव काढायचं नाही, ज्याला दिसत नाही त्याने पक्षी काय बघायचे, दुर्बीण पुतण्याला देऊन टाकली, विषय संपला. तुझ्या इच्छेचा मान राखून या पत्रात मी पक्ष्यांबद्दल एक अक्षर लिहिणार नाही. गेल्या वर्षभरात माझी जी शोभा झाली तेवढीच सांगतो. आता त्यात मधेमधे पक्षी आले तर माझा इलाज नाही.

सुरुवात झाली गेल्या हिवाळ्यात, तलावाकाठच्या, लपून बघायच्या आपल्या लाकडी खोपीत. (ती अजून तशीच आहे. बाकावरचा तो खिळाही तिथेच आहे, माझी आणखी एक पँट गेली.) खोपीतला रिवाज तुला माहीत आहे: दोन तास बसायचं, थर्मासमधला चहा प्यायचा, आणि बोलायचंच झालं तर शेजारच्याच्या कानात. मी मिस पिलिंगबाईंच्या कानात हळूच म्हटलं, की डावीकडे बघा, तुरेवाली टिबुकली. तर तलावातली यच्चयावत बदकं उडाली! पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मी या प्रश्नावर खूप विचार केला आणि अशा निष्कर्षाला आलो, की यंदा उत्तरेकडून येताना या बदकांना कोणीतरी भयंकर घाबरवलं आहे. तसं अर्धं पान आपल्या पक्षिमित्र मंडळाच्या पत्रिकेत लिहिलंसुद्धा. कोणी काही बोललं नाही. फक्त मिस पिलिंगबाई, ज्या मंडळाच्या चिटणीस झाल्यापासून कोणाला पाण्याचा घोटही देत नाहीत, त्या मी तोंड उघडलं रे उघडलं की माझ्या हातावर पेपरमिंटची गोळी ठेवू लागल्या. गोळी तोंडात असली की माणूस बोलत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी मॅजला म्हटलं, बाई म्हातारपणी किती मायाळू झाली बघ.

मग वसंत आला आणि खरा घोर लागला. मे महिन्यातली मंडळाची पहाटफेरी, पहाटेची गाणी ऐकायची ती, मी पहिल्यांदाच एकट्याने नेली. तू पुढे आणि मी मागे अशी इतकी वर्षं नेली, की पुढे कसं चालतात हेच मला माहीत नव्हतं. पण कोल्डरच्या रानात शिरलं की उंच फरच्या झाडांखाली थांबायचं आणि सोनतुऱ्याचं गाणं ऐकून फेरी सुरू करायची, हे काही मी विसरलो नव्हतो. अंगठ्याएवढा जीव, डोक्यावर सोनेरी पट्टी, आवाज सुईच्या टोकासारखा. थांबलो. शांतता. आणखी थांबलो. मंडळी वर बघत होती, मग माझ्याकडे बघत होती, मग बुटांकडे. मी जड आवाजात जाहीर केलं, की यंदा एकही सोनतुरा आलेला नाही. खोडावर तुरुतुरु चढणारा तो तपकिरी पक्षीही गप्प. जूनमध्ये तलावाच्या गवतात नाकतोड्यासारखा किरकिरणारा आपला वटवट्याही नाही. विल्फ, थट्टा सोड, मी खरंच घाबरलो. रात्र रात्र झोप लागेना. आपल्या हयातीत आपलं रान मुकं व्हावं आणि आपण नुसतं बघत राहावं?

बघत राहणाऱ्यांतला मी नव्हे. तपासाला लागलो. पहिला संशय शेजारच्या मिसेस क्रॅबट्रीच्या मांजरावर. पितळी घुंगरू आणलं आणि बाईच्या परवानगीने मांजराच्या गळ्यात बांधलं. वाजेना. दुकानदाराने भिकार माल गळ्यात मारला म्हणून दुसऱ्या दुकानातून दुसरं आणलं. तेही वाजेना. तेव्हा तिसरं बांधलं. ते मांजर तीन आठवडे लग्नाच्या वरातीसारखं आळीतून फिरत होतं, आळीतल्या कोणालाही झोप नव्हती, आणि मिसेस क्रॅबट्री मला भेटली की म्हणायची, "हवा छान पडलीय, नाही?" चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. आपल्या लोकांची खोडच आहे ही. माणूस विहिरीत पडताना दिसला तरी आधी त्याच्याशी पावसापाण्याचं बोलतील.

दुसरा संशय तलावाच्या पाणीवाल्यांवर, म्हणजे पाणीपुरवठा कंपनीवर. त्यांनी काठची चार झाडं तोडली होती. मी तक्रार-अर्ज लिहिला, "सोनतुरे गेले कुठे?" असं वर ठळक घातलं, आणि सह्या घेत दारोदार हिंडलो. सगळ्यांनी सह्या केल्या! मंडळातल्या झाडून सगळ्यांनी, ज्यांनी त्या मे महिन्यात माझ्या शेजारी उभं राहून सोनतुऱ्याचं गाणं ऐकलं होतं, त्यांनी, "फार वाईट झालं हो नॉरिस" म्हणत पेन उघडलं. मिस पिलिंगबाईंनी तर सही करून वर मला एक गोळी दिली.

ऑक्टोबरात पाणीवाल्यांनी त्यांचा माणूस पाठवला. एन्टविसल नावाचा, नवे बूट घातलेला, बिचारा फार सभ्य गृहस्थ. मी त्याला आणि मंडळाच्या मंडळींना घेऊन कोल्डरच्या रानात गेलो. मॅजही आली, सँडविचं घेऊन. त्याच फरखाली मी सगळ्यांना उभं केलं, टोपी सारखी केली, दोन्ही हात वर केले आणि म्हणालो, "एन्टविसलसाहेब, ऐका! ही शांतता ऐका! हे तुमचं कर्तृत्व!"

साहेबांनी वर बघितलं. मंडळींनी वर बघितलं. मग साहेबांनी घसा साफ केला.

"हो," ते म्हणाले, "तसं... शांतच म्हणायचं."

"अगदी स्मशानशांतता," मिस पिलिंगबाई म्हणाल्या आणि पर्समध्ये गोळी शोधू लागल्या.

तेवढ्यात मॅजने सँडविचांचा डबा खाली ठेवला. "पुरे झालं," ती म्हणाली. आणि माझं डोकं दोन्ही हातांनी धरून, न्हावी धरतो तसं, वर वळवलं. "तो बघ. तुझ्या टोपीपासून हातभर अंतरावर बसलाय. आणि कोकलतोय मेला! ते त्या फांदीवर आणखी चार. सगळे कोकलतायत. समुद्र ओलांडून आलेत बिचारे, आणि तू इथे त्यांचं सुतक पाळतोयस."

विल्फ, मी बघितला. डोळे माझे अजून घारीचे आहेत, तुला माहीत आहे. सोनेरी पट्टी दिसली, इवलीशी चोच उघडलेली दिसली, गळ्याची पिसं थरथरताना दिसली. आणि ऐकू काहीही आलं नाही. आवाज बंद केलेल्या टीव्हीसारखं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणून हसण्यासारखीच गोष्ट आहे, हसले असते तर मलाही बरं वाटलं असतं. पण कोणी हसलं नाही. एन्टविसलसाहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, की त्यांच्या वडिलांचंही असंच होतं. मला रडू आलं. सगळ्यांदेखत, टोपी हातात घेऊन.

घरी येताना मी मॅजला विचारलं, मला आधी का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "तीन वर्षं सांगतेय. तुला ऐकू कुठं आलं?"

कानाच्या डॉक्टरकडे गेलो. त्याने मला डबड्याएवढ्या बंद खोलीत बसवून बारीक बारीक आवाज काढले म्हणे, मला वाटलं तो यंत्र दुरुस्त करतोय. बारीक आवाज गेले ते गेले, असं समज. मिसेस क्रॅबट्रीच्या मांजराची घुंगरं काढली, पाणीवाल्यांना माफीचं पत्र गेलं, त्यांचंही फार गोड उत्तर आलं. (हवेबद्दल.) आणि मंडळाच्या बैठकीत मी सांगून टाकलं, की ज्याला ऐकू येत नाही त्याने पहाटफेरी काय न्यायची. कोणी नेणारा मिळाला तर बघा, नाहीतर बंद करा, विषय संपला. बोलून खाली बसलो आणि माझ्या लक्षात आलं, की हे वाक्य मी कुठेतरी ऐकलेलं आहे. तुझं ते पत्र आलं तेव्हा मी तुझ्यावर चिडलो होतो रे. मॅजला म्हटलं होतं, विल्फने कच खाल्ली. आता नाही चिडत.

असो. पक्ष्यांबद्दल लिहायचं नाही असं ठरलं होतं, तेव्हा इथेच थांबतो. गुडघ्याला गरम कपड्याने शेक. मॅजने आल्याचा केक पाठवलाय, तो दाताखाली जरा जपून.

तुझा,
नॉरिस

ता. क. एक विचारायचं राहिलं. तुझे कान कसे आहेत? तुझे कान पहिल्यापासून मांजराचे. सोनतुरा नेहमी तूच आधी ऐकायचास, मी नुसता "हो हो" म्हणून तू दाखवशील तिकडे दुर्बीण वळवायचो, हे आता सांगायला हरकत नाही. मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पहाटफेरी आहे. मंडळाने अजून बंद केलेली नाही, मिस पिलिंगबाई माझ्या होकारासाठी थांबल्यात आणि मला तोंड दाखवायची सोय नाही. तू ऐकायचंस आणि बोट दाखवायचंस, मी बघायचं आणि कुठला पक्षी काय करतोय ते तुला सांगायचं. आंधळ्या-बहिऱ्याची जोडी, पण जोडी पुरी होते. तुझ्याशिवाय मला त्या रानात पाऊल टाकता येणार नाही. माझ्यासाठी ये. स्टेशनवर मी घ्यायला येतो.

आणखी एक ता. क. (वहिनी, हे मनात वाचा. तुमचं तोंड त्याला दिसत नाही हे बरं, पण आवाजावरून तो तुम्हाला लगेच पकडेल, म्हणून इथे मी मोरकमच्या हवेची चौकशी केली आहे असं समजून दोन वाक्यं खुशाल मनाची म्हणा.) तुमचं नाताळातलं पत्र मिळालं. पडदे ओढून, खिडकीकडे पाठ करून तो दिवसभर बसतो, खाडीवरचे पक्षी ओरडू लागले की रेडिओ मोठा करतो, हे वाचून मला आणि मॅजला जेवण गेलं नाही. वर लिहिलेलं सगळं खरं आहे, एक गोष्ट सोडून. मॅजने मला जानेवारीतच कानाला यंत्र बसवून घ्यायला लावलं. मला आता सगळं ऐकू येतं, वहिनी: चहाचं भांडं, मिसेस क्रॅबट्री माझ्याबद्दल जे बोलते ते, आणि काल सकाळी आमच्या कुंपणावरचा सोनतुरासुद्धा. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तो उडून जाईपर्यंत ऐकला. पण विल्फ ज्या दिवशी येईल, त्या दिवशी यंत्र घरी मॅजच्या खणात राहील. मी त्या फरखाली ठोंब्यासारखा उभा राहीन, आणि तो मला सांगेपर्यंत मला काहीएक ऐकू यायचं नाही.