लाल म्हैस उठत नाही

सोमवार, ३ नोव्हेंबर

मिस्त्री मला म्हणतो, "आजी, घरात कुणी पुरुष माणूस असेल तर त्याला फोन द्या." ट्रॅक्टर आमचा, फोन मी लावला, बिघाड मी सांगतेय, आणि ह्याला ऐकायला मिशा पाहिजेत. पुरुष माणूस आहे की, माझा नवरा. पायरीवर बसून गुडघा चोळतोय. त्याच्या कानाला फोन लावला तर म्हातारा म्हणतो, "तूच बोल. मला कंटाळा आलाय." ट्रॅक्टरवर बोलायचा कंटाळा! एरवी जेवताना घास हातात धरून गिअरबॉक्स समजावून सांगणारा माणूस.

मिस्त्रीनं विचारलं, कधीपासून बंद आहे? म्हटलं, उन्हाळ्याच्या अखेरीस एकदा रानात गेला, त्यानंतर छपरातच उभा आहे. म्हणाला, शनिवारच्या आधी यायला जमायचं नाही. पेरणी तोंडावर आली की सगळ्यांना मिस्त्री आठवतो.

मुलगा रविवारी शहरातून येणार, बरोबर गिऱ्हाईक घेऊन. "सुरू असेल तर ठेवू, नाहीतर विकू. रान काकांना कसायला देऊ. बाबांना पण आराम." काका म्हणजे माझा दीर. बांध कोरून कोरून त्यानं आमचा चार हात तुकडा गिळलाय, आता सगळं ताट वाढून द्यायचं? माझं मढं जाईल त्या बांधावरून, पण दिराचा नांगर जायचा नाही.

रविवारच्या आत आमची लाल म्हैस, म्हणजे हा ट्रॅक्टर, उठवणार. मीच.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

चावी मागितली. म्हाताऱ्यानं गळ्यातून काढून दिली. दिली म्हणजे दिलीच, एका शब्दात! ही चावी त्यानं सख्ख्या मुलाच्या हातात कधी दिली नाही. आंघोळीला जातानासुद्धा गळ्यात. म्हटलं, म्हातारा निवळला.

चावी फिरवली. टक्. नुसतं टक्, पुढं काही नाही. बॅटरीचं झाकण काढलं तर दोन्ही टोकांवर पांढरा बुरा, शिळ्या पिठासारखा. सून म्हणाली, "आई, बॅटरी नवीनच घ्यावी लागेल." घ्यावी लागेल! हिला बूड निघालेली पिशवी शिवता येत नाही, नवीनच घ्यावी लागते. गरम पाणी ओतलं, जुन्या दात घासायच्या ब्रशनं घासलं, कोरडं केलं, आवळून बसवलं. परत चावी. घर्र घर्र घर्र — म्हैस जागी झाली. उठली मात्र नाही. पण जागी झाली ना? निम्मं काम झालं.

म्हाताऱ्याला हाक मारून सांगितलं. म्हणाला, "हं." कौतुकाला तोंड उघडलं तर दात पडतील म्हाताऱ्याचे. आहेत ते.

बुधवार, ५ नोव्हेंबर

सकाळी मिस्त्रीला परत फोन. ह्या वेळी पुरुष माणूस मागितला नाही. शिकतोय.

"आजी, इंजिन फिरताना धूर येतो का? काळा, पांढरा, कसलाही?"

"नाही."

"मग डिझेल पोचत नाही. पोचलं असतं तर पेटलं नसतं तरी धूर दिला असता."

हे मला पटलं. चुलीत लाकूडच नसेल तर धूर कुठून यायचा. टाकीत काठी घालून बघितली, वीतभर भिजली. म्हणजे डिझेल आहे. टाकीत आहे आणि इंजिनात नाही. मग मधेच कुठंतरी अडलंय, दिराच्या मोटारीपाशी पाटाचं पाणी अडतं तसं.

सुनेला सीटवर बसवलं, कारण चावी फिरवायला कुणीतरी वर पाहिजे. म्हाताऱ्याला म्हटलं होतं, बसा. तर गुडघा. बरं, बाबा, गुडघा. मी खाली पाना घेऊन. फिल्टरवरचा स्क्रू ढिला केला, हातपंप दाबला. थेंब नाही. मिस्त्रीनं सांगितलं होतं, थेंब नाही तर मागं मागं जा, टाकीकडं. नळी सोडवून फुंकली. तोंडात डिझेल. थू. पण नळी मोकळी!

मग टाकीच्या पोटाखाली हात घातला. तिथं एक तोटी आहे, बोटाएवढी, दिसत नाही, हातालाच कळते. बंद. आडवी फिरवून कुणीतरी घट्ट बंद केलेली.

उघडली. पंप दाबला, फेस आला, फेसानंतर स्वच्छ धार आली, स्क्रू आवळला. सुनेला म्हटलं, "मार." आधी काळा ढेकर, मग छप्पर हादरलं. कोंबड्या शेजाऱ्याच्या अंगणात. सून सीटवरून हसत होती, तोंडभर. लग्न होऊन आल्यापासून हिचे मागचे दात मी आज पाहिले.

म्हाताऱ्याला म्हटलं, "परवा सकाळी रानात घाला. काय बिघडलं होतं विचारा तरी."

"काय?"

"तोटी बंद होती."

"धक्क्यानं झाली असेल."

धक्क्यानं तोटी ढिली होते, घट्ट होत नाही. पण म्हटलं जाऊ दे, म्हैस उठलीय, मला कुणाशी भांडायचं नाही. आज.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

दिवसभर बियाणं निवडलं. म्हातारा समोर बसून निवडत होता, खडे ठेवून दाणे टाकत होता. म्हटलं, लक्ष कुठाय? पेपर तर वाचत नाही हल्ली, म्हणे बातम्यांत दम राहिला नाही. दुपारी पाण्याचा पेला हाताशी असून चाचपडत बसला, शेवटी पाडला. म्हटलं, डोळे काय गहाण ठेवलेत? हसला नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

सकाळी चावी फिरवली. लगेच पेटली. म्हाताऱ्याला हाक मारायला वळले, तो चप्पल शोधत होता — आणि मागं म्हैस आचके द्यायला लागली. बंद. परत घर्र घर्र, धूर नाही.

मी सरळ टाकीखाली हात घातला. तोटी बंद. नळीत राहिलं होतं तेवढं डिझेल पिऊन निजली बया.

एकदा धक्क्यानं. दोनदा हातानं. घरात हात किती? माझे, म्हाताऱ्याचे, सुनेचे. मी केली नाही. म्हातारा स्वतःच्या म्हशीचं दूध तोडायचा नाही. राहिली कोण?

बोलत नव्हते पण लिहिते. सोमवारी मुलाशी फोनवर म्हणत होती, "विकला तर बरंच होईल की. मग आई-बाबांना घेऊन तिकडंच राहू." मी भिंतीच्या अलीकडंच होते. भिंतीला कान असतात आणि ह्या घरात ते माझे असतात. वर परवाचं ते हसू! नाटकात घालायला पाहिजे हिला.

पण तोंडानं आरोप केला की माणूस तोंडानंच सुटतो. पुरावा पाहिजे. मी तोटी उघडली, हवा काढली, म्हैस पेटवून बघितली, परत निजवली. मग तोटीला ग्रीस फासलं. काळं, घट्ट, साबणाला न जुमानणारं. जेवताना मोठ्यानं सांगितलं, "आज गुडघा दुखतोय ना, राहू दे. उद्या सकाळी रान नांगरायचंच." आणि सुनेकडं बघितलं. ती कालवणात मीठ बघत होती.

आता जिची बोटं काळी, तिचं तोंड काळं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

सून चहा घेऊन आली तेव्हा मी आधी तिची बोटं बघितली. गोरीपान. नखांत कणीक. एका हाताची बघितली, मग कप ठेवायला लावून दुसऱ्या हाताची. ती म्हणाली, "काय झालं आई?" म्हटलं, काही नाही.

म्हातारा आंघोळ करून आला. धुतलेला पांढरा सदरा. हात घासून घासून लाल केलेले, स्वच्छ. येऊन बसला, चहाकडं हात केला.

खिशावर काळी चार बोटं. खांद्यावर एक फराटा. कानाच्या पाळीवर पण. आंघोळीच्या आधी हात पुसलेल्या टॉवेलचं असेल किंवा बोटांनी आधी सदरा उचलला असेल, कोण जाणे. सुनेनं बघितलं, माझ्याकडं बघितलं, तोंड उघडलं. मी हातानं गप्प केलं.

हा माणूस. शाईचा ठिपका राहिला म्हणून सदरा धुणाऱ्याच्या अंगावर फेकणारा. लग्नात माझ्या हातून ह्याच्या बाहीवर सांडलेलं अजून काढतो.

मी म्हटलं, "सदरा स्वच्छ आहे ना? बघा."

त्यानं मान खाली घातली. नीट बघितलं. हातानं खिसा झटकला, नेमका त्याच बोटांवरून.

"स्वच्छच आहे की," म्हणाला. "आजच घातलाय."

मी उठले. फाटकापाशी गेले. उजवा खांब उन्हाळ्यापासून वाकलाय. ट्रकवाल्यानं ठोकला, असं सांगितलं होतं म्हाताऱ्यानं. ह्या वाटेनं ट्रक येतच नाही, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. खांबाच्या खालच्या अंगाला लाल रंग घासलाय. आमचा लाल.

तोटी हाताला कळते. म्हैस चालवायची वेळ येऊ नये म्हणून तेवढी एक त्याला बंद करता येत होती.

परत आले तेव्हा तो तसाच बसला होता. कपाला हात लागला नव्हता. मी कप उचलून त्याच्या तळहातावर ठेवला. मग म्हटलं, "सदरा काढा. धुवायचाय."

"का?"

"वास मारतोय."

मिस्त्रीचा फोन आला, निघू का म्हणून. म्हटलं, नको. बिघाड सापडला.

रविवार, ९ नोव्हेंबर

तोटी उघडी. म्हैस पेटली. सून चालवतेय, नांगराचे तास शेळीच्या मुतासारखे वाकडे, पण ते आमच्या रानात आहेत, दिराच्या नाही. शहर राहिलं, म्हणाली ती, आधी हे शिकते. सुनेची माफी मागायची राहिलीय. बघू. मुलगा आला, त्यानं गिऱ्हाइकाला चहा पाजून वाटेला लावलं. मग मला विचारतो, "काय बिघडलं होतं ग?" म्हटलं, मला नको विचारू, बापाला विचार. पोरगा अजून विचारत नाही, बाप अजून सांगत नाही, दोघं पायरीवर बसलेत.

उद्या डोळ्यांचा दवाखाना. म्हाताऱ्याला सांगून ठेवलंय — डॉक्टर पहिलं हेच विचारेल, कधीपासून? मी शेजारी बसेन आणि तोंड शिवेन. उत्तर तुम्ही द्यायचं.