टाकोची पंगत

बोळिंज, विरार (पश्चिम)
मंगळवार, दुपार

तीर्थस्वरूप मीराआत्या,

भूपेशचा साष्टांग नमस्कार. (आईने फरशी नुकतीच पुसली आहे, त्यामुळे तूर्त मनातल्या मनात.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका सांगितलं आणि तू दुसऱ्याच दिवशी गच्चीवर पापड घालायला गेलीस, असं डहाणूहून कळलं. काकांचा खोकला उतरला असेल. नसेल तर त्यांना म्हणावं, तंबाखू सोडल्याचं नुसतं सांगू नका, सोडा. इकडे सगळे ठणठणीत आहेत. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी झाल्यापासून तर जास्तच. सकाळी उठून कोणाच्या ओल्या कचऱ्यात सुका कचरा सापडला, याचा तपास करतात आणि दुपारी त्याची नोटीस लावतात.

फोन का केला नाही म्हणशील, तर तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि पुढ्यात भाजी निवडायला निम्मी आळी बसलेली असते. मला जे सांगायचं आहे ते तुझ्या एकटीसाठी आहे. घरात बाबा जिचं ऐकतात अशी एकच व्यक्ती आहे आणि ती म्हणजे त्यांची थोरली बहीण. त्यामुळे आधी सगळं नीट वाच, मग रागव.

तर आत्या, एक मुलगी आहे. (बस. पाणी पी. मग पुढे वाच.) नाव प्रियल. वसईतल्या पापडीची. आपल्या मनालीबरोबर माणिकपूरच्या एका दातांच्या दवाखान्यात कामाला आहे. बहिणीचा विसरलेला डबा द्यायला मी एकदा तिथे गेलो आणि नंतर मनाली डबा विसरत नसतानाही जात राहिलो. ते ख्रिश्चन, वाडीवाले. वडील डॉमनिक अंकल केळीच्या बागेत आणि मौनात रमलेले. आई रोझलीन आंटी बागेत रमत नाहीत आणि मौनात तर अजिबात नाही. दोन्ही घरांत प्रियल म्हणजे मनालीची मैत्रीण, एवढंच माहीत. प्रियलचं म्हणणं असं की आधी दोन्ही घरं एकदा एकत्र बसून जेवू देत, हसू देत, मग मी घरी सांगते. तिची अट एकच होती: त्या संध्याकाळी मी भडकायचं नाही. एकदाही नाही. भडकलास तर हे इथेच संपलं, असं तिने शांतपणे सांगितलं आणि आत्या, ती शांतपणे बोलते तेव्हा खरंच तसं करते. माझा स्वभाव तुला ठाऊकच आहे. मी ज्या फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करतो, तिथे एका भावी नगरसेवकाने फोटोत माझे केस वाढव म्हटल्यावर मी त्याचे होते तेही काढले होते.

जेवायला काय करायचं, तर टाको. प्रियलचा भाऊ रेमंड बोटीवर किचनमध्ये आहे. तो सुट्टीवर आला की त्यांच्याकडे टाकोची रात्र असते. टाको म्हणजे मक्याची कडक पुरी मधोमध दुमडायची आणि त्या खोबणीत आपल्याला हवं ते भरायचं, एवढंच. पण आधी घरच्या घरी तालीम म्हणून मी पाहुणे यायच्या आधीच्या रविवारी करून बघितले आणि जे झालं ते सांगायची सोय नाही. पहिल्या घासाला पुरी फुटली. कोळंबी बाबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, तिथून सोफ्यावर, तिथून (कशी ते देवालाच ठाऊक) पंख्यावर. सहा वाट्यांमध्ये एकाच वेळी चार हात. दह्याचा चमचा चटणीत, चटणीचा लोण्यात. मनालीने चीज केसांतून काढलं. आई तर उभीच राहिली नि म्हणाली, "ह्ये खायचं हाय का सांडायचं हाय, कोन सांगेल काय मला?" मी भडकलो. बाबा माझ्यावर भडकले. त्या कचऱ्यातलं ओलं कुठलं नि सुकं कुठलं यावर अर्धा तास वाद झाला.

मग मी ठरवलं, या रविवारी टापटीप म्हणजे टापटीप. प्रत्येक वस्तूला झाकणाचा डबा, प्रत्येक डब्याला नाव. दुकानातल्या स्टिकरच्या उरलेल्या पट्टीवर झकास जाड अक्षरात सगळी नावं एका ओळीत छापली आणि कटर मारला. घाईत कटर जरा खाली लागला, आत्या. डोक्यावरची सगळी पट्टी गेली. म्हणजे मात्रा गेल्या, वेलांट्यांची टोपणं गेली, अनुस्वार गेले. घरी येऊन मी तशीच चिकटवत गेलो, कारण मला काय आहे ते माहीत होतं. मनालीने वाचून दाखवलं तेव्हा कळलं. चीजच्या डब्यावर 'चाज'. कांदे होते तिथे 'काद'. कोळंबीवर 'काळबा', आणि हे कुठलं दैवत, याला नारळ लागतो का, असं ती मला विचारत होती. आम्ही हसलो. वाचता येत नव्हतं ते हसण्यावारी नेलं. जे नीट वाचता येत होतं, तिकडे कोणाचं लक्षच गेलं नाही.

सगळ्यात मोठा डबा पुऱ्यांचा. तीस पुऱ्या. शनिवारी अख्खी दुपार मी स्वतः मक्याचं पीठ मळून, लाटून, तळताना झाऱ्याने दुमडून केलेल्या. (आई म्हणाली, एवढ्या मायेने अभ्यास केला असतास तर. मी भडकलो नाही. सराव चालू होता.) त्यावर मी छापलं होतं 'टाको'. त्या ओ-ची मात्रा कटरने नेली, काना ठेवला. उरलं काय ते तूच म्हणून बघ.

रविवारी संध्याकाळी मी रिक्षास्टँडवर पाहुण्यांना आणायला गेलो. तेवढ्या वेळात बाबा स्वयंपाकघरात आले, डबा बघितला. आपला मुलगा कधी नव्हे ते काहीतरी शिस्तीत लिहून सांगतोय, तर आपणही मान राखावा, असं त्यांना वाटलं म्हणे. बावीस वर्षांत माझी एकही गोष्ट न ऐकलेल्या माणसाने माझी पहिली सूचना शब्दशः पाळली. टाका म्हणजे टाका. तीसच्या तीस पुऱ्या खाली नेऊन सोसायटीच्या ओल्या कचऱ्यात टाकल्या. वर येऊन डबा घासला आणि पालथा घातला. मी पाहुण्यांना घेऊन दारात पोचतो तर बाबा हात पुसत समोर, चेहऱ्यावर समाधान. माझ्या कानात म्हणाले, "टाकलं बरं का रे. तेल लागलेलं होतं, म्हणून ओल्यात."

आत्या, माझ्या मागे रोझलीन आंटी. त्यांच्या मागे डॉमनिक अंकल, हातात केळ्यांचा फणा. सगळ्यात मागे प्रियल, आणि तिची नजर सरळ माझ्या कानांवर. (मी भडकलो की आधी कान लाल होतात. तिला माहीत आहे.) जिभेवर एक शिवी आली, ती मी गिळली. पुन्हा आली, पुन्हा गिळली. मग हसलो. मनाली नंतर म्हणाली की ते हसू बघून तिला दवाखान्यातले पेशंट आठवले.

पण तुझ्या भावजयीला कमी लेखू नकोस. आईने पालथा डबा बघितला, बाबांकडे बघितलं, माझे कान बघितले आणि तांदळाचं पीठ काढलं. उकड काढायला आधण ठेवते तोच रोझलीन आंटी आत आल्या, बांगड्या वर सारल्या आणि म्हणाल्या, "सरका हंसाबाई, दोन हातांनी कधी होणार? पीठ कुठाय?" मग काय विचारतेस! एक थापतेय, एक भाजतेय. दोघींची बोली वेगळी, पण बोलणं एकच: नवऱ्यांना काही कळत नाही. पातळ पातळ भाकऱ्या, बशीएवढ्या, गरम असतानाच दुमडायच्या. पण मऊ भाकरी उभी कशी राहणार? आडवी ठेवली की उलगडते. आईची नजर भिंतीकडे गेली. ताटं पाहुण्यांसाठी बाहेर काढलेली, ताटाळं रिकामं. तिने ते सरळ खिळ्यावरून उतरवून पुसलं आणि प्रत्येक खाचेत एकेक दुमडलेली भाकरी उभी केली. आत्या, बोटीवरच्या रेमंडलासुद्धा हे सुचलं नसतं. एकही पडली नाही, एकही उलगडली नाही. वर्गात बाकावर बसल्यासारख्या सगळ्या रांगेत.

इकडे बाबा अपराधी चेहऱ्याने फिरत होते. त्यांना काय झालंय ते कळलं होतं आणि माफी मागण्याची त्यांना सवय नाही. एकदम त्यांनी माळ्यावरून लग्नातल्या वाढायच्या छोट्या बालद्या काढल्या, कमरेला पंचा बांधला आणि जाहीर केलं की वाट्यांमध्ये हात घालायचं काम नाही, पंगत बसेल. गावातल्या एकाही लग्नात बाबांनी वाढलेला भात पानाबाहेर गेला नाही, ही त्यांची ख्याती तुला मी काय सांगू. सगळ्यांना मांडी घालून खाली बसवलं. मध्ये पेपर, पेपरवर ताटाळं. नियम एकच: पंगतीतल्या माणसाने आपल्या हाताने काही घ्यायचं नाही, नुसता टाको पुढे धरायचा. मग बाबा आले, "कोळंबी, कोळंबी, कोळंबी!" मागून मनाली, "कांदा, कांदा!" तिच्या मागे चीज घेऊन आई. डॉमनिक अंकलनी पुरे म्हणून हात आडवा धरला तर बाबांनी हाताच्या खालून वाढलं. एक शीत नाही सांडलं, आत्या. मागल्या रविवारी जे पंख्यापर्यंत पोचलं होतं, ते या रविवारी पेपरवरसुद्धा आलं नाही.

इथे थांबलो असतो तर मी आज सुखी माणूस असतो. पण बाबांना रंग चढला. पंगत म्हटली की नाव घ्यायला हवं. ज्याला आणखी टाको हवा, त्याने उखाणा घ्यायचा. आई लाजून आत पळाली, मग परत येऊन दोन टाकोंचे दोन उखाणे घेऊन गेली. डॉमनिक अंकलनी तिसऱ्यासाठी हात पुढे केला तर त्यांच्याऐवजी आंटीच सुरू झाल्या:

"माझ्या हातची भाकरी, हंसाबाईंचा तवा,
डॉमनिकला तिसरा टाको कशाला हो हवा?"

सगळे लोळून हसले. प्रियलसुद्धा. ती हसली की माझं डोकं काम करत नाही, ही वैद्यकीय बाब आहे. माझी पाळी आली. खरं तर मी, पाळी लग्न झालेल्यांची असते, एवढं म्हणून सुटलो असतो. पण भूक लागली होती, समोर ताटाळं, बाबा बालदी घेऊन उभे, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं:

"ताटाळ्यात टाको उभे, कोळंबी वाढतात बाबा,
प्रियलचं नाव घेताना सुटला जिभेवरचा ताबा."

मी यमक जुळल्याच्या आनंदात होतो. बाकी कोणी नव्हतं. बाबांची पळी हवेत. आईने पदर तोंडाला लावला. प्रियलने आपल्या टाकोतलं चीज मोजायला घेतलं. पंखा तेवढा फिरत होता. मग डॉमनिक अंकल संध्याकाळभरात पहिल्यांदा बोलले: "मग माझा तिसरा मिळणार का नाय?"

रोझलीन आंटींनी टाको खाली ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. शिकलास किती, विचारलं. मी म्हटलं, दीड वर्ष. दीड वर्ष कशाचं? बी.कॉम.चं. पुढे काय झालं? आता हे तुला माहीत आहे. कॉलेजच्या खिडकीवरच्या माणसाने सातव्यांदा 'उद्या या' म्हटलं आणि मी तो उद्या त्याच्या टेबलावर आपटून कायमचा बाहेर पडलो. बाबा घाईघाईने मध्ये पडले, म्हणाले, "तो विषय याच्यासमोर काढू नका बाई, भडकतो तो." आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. सात माणसं नि चौदा डोळे म्हणालो असतो, पण माझे दोन मी मिटून घेतले होते. मी शांतपणे म्हटलं, "चूक माझी होती." आत्या, हे वाक्य या घरात मी प्रथमच वापरलं.

आंटींनी ताटाळ्यातला एक टाको उचलला. मग म्हणाल्या, "नाव घ्यायला दोन ओळी पुरतात पोरा. आमच्या पोरीच्या नावापुढे तुझं लावायचं तर आधी ती डिग्री पुरी कर. कागद घेऊन ये, मग बसू बोलायला." आणि स्वतःच्या हाताने (पंगतीचा नियम मोडून) माझ्या पुढ्यात टाको ठेवला. जाताना प्रियल जिन्यात माझे कान बघून म्हणाली, "गोरेच आहेत अजून." त्यावर मी दोन दिवस जगतोय.

बाबा काल दिवसभर बोलले नाहीत. आज सकाळी नोटीस लिहिता लिहिता विचारलं, ती माणसं परत कधी येणार आहेत. आई म्हणाली, ताटाळं आता भिंतीवर कशाला अडकवायचं, राहू दे खालीच.

काकांना नमस्कार, तुझ्या गुडघ्याला आशीर्वाद. (मोठ्यांच्या गुडघ्याला आशीर्वाद चालतो का, कळव.)

तुझा लाडका,
भूपेश

ता. क. १: तुझ्याकडे कधी टाको केलेस तर भाकरी गरम असतानाच दुमड आणि भरायचं काम एकाच माणसाकडे ठेव. काकांकडे देऊ नकोस.

ता. क. २: आता खरं काम. मी कॉलेज सोडलं तेव्हा भावकीतल्या हळदीत, माईकवरून, सांगितलं होतं की पुन्हा त्या फाटकात पाय ठेवला तर मिशी उतरवीन. तू पहिल्या रांगेत होतीस. आता मी आपणहून गेलो तर बाबा जिंकले. म्हणून तू असं कर, बाबांना फोन लाव, मला फोनवर बोलाव आणि मला भरपूर रागव. कॉलेजला परत जा म्हणून हुकूम सोड. मी दोनदा नाही म्हणेन. मनावर घेऊ नकोस, आवाज चढव. तिसऱ्यांदा मी फक्त तुझ्या शब्दाखातर मान्य करीन. अर्जाची मुदत शुक्रवारी संपते, म्हणून हे स्पीडपोस्टने धाडतोय; गुरुवारच्या आत रागावलीस तर बरं.

ता. क. ३: पाकीट चिकटवणार तेवढ्यात आई सांगून गेली की बाबांनीही कालच तुला पत्र टाकलंय. त्यात लिहिलंय, "पोराला तू रागव, माझं ऐकायचा नाही, आणि मी सांगितलं हे त्याला कळू देऊ नकोस." तेव्हा एकदाच रागव, दोघांचंही भागेल. फक्त माझं पत्र आलं होतं हे बाबांना सांगू नकोस. त्यांनाच जिंकू दे.