सांधा मागे घ्या

आप्पा,

तुमचा सांधा शेवटी मागे सरकणार. मंजुरीचं पत्र काल माझ्या टेबलावर आलं. तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, आणि आता कुठे तुमच्या मनासारखं होतंय, तर मला खरं म्हणजे आनंद व्हायला हवा होता. पण सकाळपासून माझं डोकं फिरलंय. दूध उतू गेलं, ओट्यावर सांडलं, ते पुसताना फडकं फेकून दिलं. घरात कुणावर तरी ओरडायच्या आत तुम्हाला लिहायला बसले. तुमच्यावर ओरडता येत नाही, हे एक बरं आहे.

ते फाटक मला आजही तसंच दिसतं. उन्हाळ्याची सुट्टी आहे, मी दुपारी तुमचा डबा घेऊन येते, आणि तुम्ही आधी हात धुता, मग टोपी काढून खिळ्याला लावता. तेवढ्यात फोन वाजतो. तुम्ही डबा बाजूला सारता, हँडल फिरवून फाटक पाडता, कुलूप लावता, किल्ली काढता आणि फोनवर स्टेशनला फाटक बंद झाल्याचा खुणेचा नंबर सांगता. तो नंबर मिळाल्याशिवाय तिकडून सिग्नल द्यायचा नाही, असा नियम. गाडी दोन मिनिटांत निघून जाते. त्रास गाडीचा नव्हताच. त्रास होता मालधक्क्यावर डबे मागेपुढे करायच्या शंटिंगचा. रूळ जिथे फुटून धक्क्याकडे वळत होते तो सांधा फाटकाच्या अगदी अंगाला, त्यामुळे इंजिन डबे ओढत सांध्याच्या पुढे यायचं ते थेट रस्त्यावर. मग तिथेच थांबायचं, सांधा बदलेपर्यंत. सायकलवाले, टांगेवाले, भाजीच्या पाट्या घेतलेल्या बायका, सगळे तुम्हाला शिव्या घालायचे. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि मला म्हणायचात, "फाटकाचा दोष नाही बाळ. सांध्याचा आहे. दोनशे पावलं मागे घेतला, तर डबे रस्त्यावर यायचेच नाहीत."

एकदा हे तुम्ही तपासणीला आलेल्या साहेबांना सांगितलं. ते हसले. "तू फाटक सांभाळ. सांधा आम्ही सांभाळतो," म्हणाले. त्या संध्याकाळी तुम्ही मला रंगीत खडूंची पेटी आणून दिलीत. तुम्ही आणलेली ती एकच वस्तू, जी वह्या-पुस्तकांत मोडत नव्हती. अर्थात कामासाठीच. केबिनच्या पत्र्याच्या दारावर, आतल्या बाजूला, गाडीसाठी फाटक पडलं की पांढरी रेघ, शंटिंगसाठी पडलं की लाल. आठवडाभरात दार लालभडक झालं. मग एका दुपारी मी मैत्रिणींबरोबर चिंचा पाडायला गेले आणि परत येऊन अंदाजाने रेघा ओढून टाकल्या. लाल जास्त, पांढऱ्या थोड्या. खरं तर तेच निघालं असतं. तुम्ही दाराकडे बघितलंत, आवाज चढवला नाहीत. ओलं फडकं घेऊन सगळं दार पुसून काढलंत. माझा एक दिवस नाही, सगळा आठवडा. "जे बघितलं नाही ते लिहायचं नाही," एवढंच म्हणालात. मी रडले. त्या वेळी मला वाटलं, काय हा माणूस, इतकं बरोबर असताना पुसलं!

आता मूळ गोष्ट सांगते. मी पालिकेत लागल्यावर पाच-सहा वर्षांत शहर बघता बघता पसरलं. आपल्या फाटकापलीकडे जिथे ज्वारी होती, तिथे काचेच्या इमारती उठल्या. गळ्यात ओळखपत्र लटकवलेली मुलं कंपनीच्या बसमध्ये झोपा काढत फाटक उघडायची वाट बघू लागली. वर्तमानपत्रांत ओरड झाली, नगरसेवक ओरडले, आणि मग पालिका आणि रेल्वे यांची संयुक्त पाहणी ठरली. पालिकेच्या बाजूने मी होते, माझे साहेब होते. उड्डाणपूल हवा, एवढंच आमचं म्हणणं. पूल व्हायला किती वर्षं लागतील, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. मी वाटेत साहेबांना म्हटलं, "पूल होईल तेव्हा होईल, तोवर सांधा मागे घ्यायला सांगू या." ते म्हणाले, "मॅडम, सांधे ऑर्थोपेडिककडे. आपण रस्तेवाले."

तरीही मी तिथे बोललेच. रेल्वेचे अधिकारी वयस्कर होते, निवृत्तीला आलेले. मला वाटलं, हेही हसणार. ते हसले नाहीत. वाकून सांधा बघितला, मग उन्हात एकटेच मागे चालत गेले, पावलं मोजत. परत येऊन घाम पुसत म्हणाले, "अहो, हे बरोबर आहे. हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

आप्पा, केबिन माझ्या पाठीशी होती. दार तेच होतं, नुसता नवा रंग दिलेला. माझ्या तोंडात तुमचंच नाव होतं. पण शेजारी साहेब उभे होते. ऑफिसात सगळ्यांचे वडील प्राध्यापक, वकील, नाहीतर सचिवालयात. मला कोणी विचारलं की मी म्हणायचे, "रेल्वेत होते." मग समोरचा आपल्या मनाने तुम्हाला स्टेशनमास्तर करून टाकायचा, आणि मी करू द्यायचे. त्या उन्हात मी त्या भल्या माणसाला म्हणाले, "आमच्या सल्लागारांच्या अहवालात आहे."

"उत्तम," ते म्हणाले. "अहवाल जोडून पत्र पाठवा. बाकीचं मी बघतो."

अहवाल नव्हता. सल्लागारही नव्हते. साहेबांना वाटलं, जुन्या कुठल्या फायलीत असतील. पण पाहणीच्या इतिवृत्तात ते वाक्य गेलं आणि खाली माझी सही झाली. मी अहवालाशिवाय पत्र पाठवलं. उत्तर आलं, सोबतचा अहवाल जोडलेला दिसत नाही. मी दुसरं पत्र पाठवलं, मुद्दे सविस्तर लिहून, नकाशा काढून. उत्तर आलं, अहवाल जोडावा. ते अधिकारी निवृत्त झाले. नव्यांनी फाईल उघडली आणि विचारलं, अहवाल कुठे आहे? अहवाल नाहीच, असं लिहावं, तर इतिवृत्त खोटं ठरतं. सल्लागार नेमावेत, तर साहेब म्हणतात, आधीच्यांचं काय झालं? मी स्वतः तिथे उभी राहून रेघा ओढल्या असत्या, पण माझ्या रेघांना कोण विचारतो! पत्र जातं, पत्र येतं, आणि डबे रस्त्यावर उभेच. रेल्वेला शिव्या घालायला मला आवडतं, साहेबांनाही मी मनातल्या मनात भरपूर घातल्यात. पण प्रत्येक पत्राच्या मुळाशी माझंच ते एक वाक्य.

याची झळ कोणाला लागली, सांगू? आईला. तिच्या मूत्रपिंडांनी दगा दिला, तेव्हापासून आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिसला न्यावं लागतं. दवाखाना फाटकाच्या अलीकडे, घर पलीकडे. रिक्षावाला फाटक पडलेलं बघून इंजिन बंद करतो. "आजी, आता बसा निवांत." आई सुजलेले पाय वर घेते, पदर नीट करते आणि समोरच्या डब्यांकडे बघत म्हणते, "ह्यांनी कधीच सांगितलं होतं गं. ऐकलं का कुणी?" मी रस्त्याकडे बघते. एकदा डबे इतका वेळ हलले नाहीत, की तिचा डायलिसिसचा नंबर गेला. मशीन दुसऱ्या पेशंटला दिलं. दुसऱ्या दिवशी तिला धाप लागली, ओठ निळे पडले. त्यातून ती वाचली. मी बाहेरच्या बाकावर बसून तुमचं ते ओलं फडकं आठवत होते. माझ्या अंदाजाच्या रेघाही बरोबरच होत्या, तरी तुम्ही दार का पुसलंत, हे मला त्या बाकावर कळलं.

शेवटी पुलासाठी म्हणून सल्लागार आले. खरे. दोन माणसं लॅपटॉप घेऊन फाटकाशी दोन दिवस बसली आणि त्यांनी गुळगुळीत कागदावर, रंगीत तक्त्यासह, लिहून दिलं की सांधा मागे घ्यावा. तक्त्यात लाल आणि निळा होता, पांढरा नव्हता, एवढाच फरक. अहवाल जोडला गेला. काल मंजुरी आली. बैठकीत साहेब म्हणाले, "बघा, तज्ज्ञ लागतात." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. ती मान मोडून टाकावीशी वाटतेय मला. तुम्ही, मळकी टोपी घातलेला सातवी पास माणूस, जे पत्र्याच्या दाराआड बसून सांगत होतात, त्याला तज्ज्ञ लागले! आणि तुमची इंजिनिअर मुलगी तिथेच बसली होती, तोंडात मिठाची गुळणी धरून.

हे पत्र कुठे पाठवायचं? आवक-जावकमध्ये याला नंबर मिळणार नाही. आईच्या औषधांच्या डब्याखाली ठेवून देते. तिला अक्षरं दिसत नाहीत आताशा.

काल तिला बातमी सांगितली. तिने माझा हात धरला, बराच वेळ सोडला नाही. मग म्हणाली, "हे कुणाचं डोकं, ते त्या साहेबांना सांगितलंस ना? ह्यांचं नाव घेतलंस ना?"

मी हो म्हणाले, आप्पा.