जुनी आवृत्ती

प्रिय रामहरी,

तुझे सात फोन आले, एकही उचलला नाही. राग मानू नकोस. मानलास तरी मला काय! पुण्याचं पाणी तुला चांगलं मानवलंय, असं तुझा दोस्त दत्ता सांगत होता. इकडे गावात, झरीत, कापसाची पहिली वेचणी चालू आहे. शेजारच्या सरजाबाई अजून विचारतात, "त्यो पोरगा यायचा का बंद झाला गं?" मी सांगते, त्याचं काम झालं.

कापसाचा ओलावा मोजून प्रत सांगणारा तो प्रोग्राम मी आठ महिने खपून लिहिला. तू शेजारी बसून शेंगा फोडायचास. तो ज्या लायब्ररीवर, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडवर, उभा होता, तिच्या दोन आवृत्त्या माझ्या लॅपटॉपवर होत्या. नवी बाकीच्या कामांना. पण ओलाव्याच्या यंत्राशी तिचं जमेना, म्हणून जुनी मी स्वतः दुरुस्त करून वेगळ्या फोल्डरात ठेवली, आणि प्रोग्राम बांधताना, म्हणजे सगळं जोडून चालता करताना, हीच घ्यायची, अशी एक ओळ लिहिली. तू हसलास. "जुनं कशाला जपायलीस? काढून टाक की. लय पसारा हाय तुझा."

मग 'नुसतं बघतो' म्हणून सगळं पेनड्राइव्हवर नेलंस आणि पुण्यात स्वतःच्या नावावर खपवलंस. माझं नाव पुसलंस, मलाही पसाऱ्यात जमा केलंस, आणि नवा लॅपटॉप घेताना ती जुनी आवृत्तीही टाकून दिलीस. वर्षभर मी जळत होते, खोटं कशाला बोलू? आता सेलूच्या जिनिंगवाल्यांना, म्हणजे सरकी काढणाऱ्या गिरणीच्या मालकांना, त्यात बदल हवाय, म्हणजे प्रोग्राम नव्यानं बांधायला हवा, आणि तुझ्याकडे तो बांधलाच जात नाही. घर उचलून नेलंस, पाया झरीतच राहिला.

काल तुझा मेसेज आला: "जुन्या ओळखीखातर तेवढी फाइल पाठव, सोमवारी सेलूत दाखवायचंय." पाठवते. सोबतच्या पेनड्राइव्हमध्ये ती आवृत्ती आहे, ती ओळही आहे. फक्त मेलनं नाही, साध्या टपालानं. आज शनिवार. पुण्याला पोचायला चार-पाच दिवस लागतात, म्हणजे तू हे वाचशील तेव्हा सोमवार होऊन गेलेला असेल. त्या दिवशी मालकांसमोर तुझा प्रोग्राम अडला असेल, तेव्हा बाकावर लॅपटॉप घेऊन बसलेली मी तुला दिसलेच असेन. त्यांनीच बोलावलं होतं मला. मी आधीच त्यांना फोन करून प्रोग्राम कुणाचा ते सांगितलं होतं.

एकेकाळची तुझीच,
धम्मशीला