गोड पाण्याची विहीर

चैत्र वद्य ५, शके १८५५, शनिवार

आज सूनबाईनं पाण्याचा तांब्या दिला, तेव्हा तिचा तळवा हाताला टोचला. बाजरीएवढे कडक दाणे. माझ्याही तळव्यावर आहेत, पण मी पिकलं पान. तिला पाचवा महिना.

मेंढरांच्या गोचिडांसाठी सोमलाचं विषारी औषध कालवायचा हौद आम्हीच विहिरीच्या काठी बांधला, पाणी जवळ म्हणून. औषधवाल्यानं बजावलं होतं, मेंढरांच्या पोटात जाऊ देऊ नका. आम्ही त्यांची तोंडं घट्ट धरून बुडवली. अन् हौदातलं झिरपून कुठं गेलं असेल? हे दाणे तेव्हापासूनचेच.

“ही विहीर सोडू या,” म्हटलं, तर हसली. “आबा, दुसरी हाय कुटं? ओढ्याचा तर निस्ता चिखल झालाय. अन् ह्ये पाणी लई गोड हाय की.”

गोड आहेच. तहान होती, प्यालो. मग तिनं स्वतःसाठी तांब्या भरला. ते दाणे पुन्हा दिसले. नको म्हणू, तर देऊ काय?